धागा: जुनी नोकरी सोडली, नवी अजून सुरू नाही. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीत काय सांगू?

वडगावचा_माग
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

बहीण मिशिगनमध्ये असते. मार्गशीर्षात तिचं पहिलं बाळंतपण आहे. आईला तिकडं पोचवायचं, तीन आठवडे राहून मी परत यायचं, असं ठरलंय. दोघांचा बी१/बी२ चा, म्हणजे व्हिजिटर व्हिसाचा, अर्ज केलाय. मुलाखत बरोबर तीन आठवड्यांनी आहे.

डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) भरला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कंपनीत होतो. हायड्रोलिक सिलिंडरचं काम, सात वर्षं मशीन सेटर. मागच्या महिन्यात तिथला राजीनामा दिला. हत्तरगीच्या एसईझेडमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण त्यांची नवीन लाइन दिवाळीनंतर सुरू होणार, म्हणून रुजू व्हायला अजून अडीच महिने आहेत. आज कुणी विचारलं 'कुठं कामाला आहेस?' तर खरं उत्तर 'कुठंच नाही'.

मावसभाऊ म्हणतो, फॉर्मला हात लावू नको, जुन्या कंपनीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आहेत त्याच दाखव. एजंटही तेच म्हणतो. मला रात्री झोप येईना झालीय. वय २९, लग्न झालेलं नाही, वर नोकरी नाही. देतील का व्हिसा?

दुसरं म्हणजे आईचं. एजंटनं तिला 'होममेकर' लिहिलंय. घरी दोन माग आहेत, काका चालवतात, आणि आई गेली तीस वर्षं कांड्या भरते, म्हणजे विणायचं सूत कांडीवर गुंडाळते. हे लिहायचं की नाही?

दुसरं_रेल्वेगेट
बाळा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. फॉर्म दुरुस्त कर आणि खरं सांग.

आता कारण. व्हिसा नाकारला तर ती गोष्ट तिथंच संपते. परत फी भरायची, परत अर्ज करायचा. पण खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं त्यांच्या नोंदीत आलं, तर त्यांच्या कायद्याचं २१२ कलम लागतं आणि तो शिक्का जन्मभर राहतो. मग लग्न होऊन बायकोपोरांना घेऊन जायचं ठरवलंस तरी आधी माफीचा वेगळा अर्ज. तीन आठवड्यांच्या भेटीसाठी एवढी जोखीम कुणी घेतं का?

आणि फॉर्म एजंटनं भरला तरी शेवटचं बटण दाबून सही तूच केलीस. तिथं 'एजंटनं लिहिलं' हे उत्तर चालत नाही. माझा मुलगा तिकडं आहे, आम्ही दोघं तीनदा जाऊन आलो. प्रत्येक वेळी फॉर्म मी स्वतः भरला, चष्मा पुसून पुसून.

कोरे_गल्ली
काका, तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण जग असं चालत नाही. माझ्या मेहुण्याची अगदी हीच अवस्था होती. तो गप्प राहिला, त्यांनी विचारलं नाही, दोन मिनिटांत व्हिसा झाला. ते कुठं कागद बघतात? फाइल उघडायलासुद्धा सांगत नाहीत. मग स्वतःहून 'मी बेकार आहे' असं का सांगायचं? न विचारलेलं सांगू नये एवढंच माझं म्हणणं.

उद्यमबाग९
कोरे गल्ली, जरा थांबा. माझं छोटं मशीन शॉप आहे, अठरा माणसं. दोन वर्षांमागं आमच्या एका ऑपरेटरनं व्हिसासाठी अर्ज केला होता, त्याला मी पत्र दिलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला. हा माणूस तुमच्याकडं आहे का, काय काम करतो, कधीपासून, रजा मंजूर आहे का. चार प्रश्न, दोन मिनिटं. नशिबानं फोन मीच उचलला होता.

आता यांच्या जुन्या कंपनीत असा फोन गेला तर काय होईल? तिथली अकाउंटवाली मुलगी सरळ सांगणार, 'ते मागच्या महिन्यात सोडून गेले'. तिची काय चूक? मालक म्हणून मला कुणी 'अजून आहे म्हणून सांगा' म्हटलं तर मीही सांगणार नाही. पत्राखाली माझी सही असते, जीएसटी नंबर असतो.

आणि 'विचारलं नाही' हेही खरं नाही. फॉर्ममध्ये सध्याचा व्यवसाय, कंपनी, महिन्याचा पगार, कामाचं वर्णन हे सगळं विचारलेलंच असतं. म्हणजे प्रश्न आधीच झालाय, उत्तर तेवढं शिळं झालंय.

कोरे_गल्ली
फोन येतो हे माहीत नव्हतं. मेहुण्याचं नशीब म्हणायचं. माझा सल्ला मागं घेतो. वडगाव, दुरुस्त करूनच टाका.

परदेशी_बेळगावकर
मूळ गाव अनगोळ, सध्या टेक्सास. आईवडील, सासूसासरे, चुलतभाऊ, सगळ्यांचे फॉर्म माझ्या हातून गेलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

व्हिजिटर व्हिसा नाकारतात तो बहुतेक वेळा २१४(बी) या कलमाखाली. १९५२च्या कायद्यातलं कलम आहे. त्याचा अर्थ असा की येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. ओझं आपल्यावर. आणि वेळ मिळतो दोन-तीन मिनिटं.

त्या दोन-तीन मिनिटांत नोकरी काय काम करते? पगार किती यापेक्षा 'हा माणूस कशासाठी परत जाईल' याचं ते सगळ्यात सोपं उत्तर असतं. सात वर्षं एका जागी, रजा मंजूर, अमुक तारखेला हजर व्हायचंय, एवढं ऐकलं की चित्र उभं राहतं. नोकरी नसेल तर ते चित्र दुसऱ्या कशातून तरी उभं करावं लागतं. घर, शेती, धंदा, म्हातारे आईवडील, लेकरं, आधी परदेशी जाऊन वेळेत परत आल्याचा पासपोर्टवरचा शिक्का. वडगाव, तुमच्याकडं ऑफर लेटर आहे, ते मोलाचं आहे. पण अजून रुजू न झालेली नोकरी म्हणजे नोकरी नव्हे, हेही मनाशी धरून चला. खोटी आशा लावत नाही.

करायचं असं. नवा डीएस-१६० भरा. सध्याच्या व्यवसायात 'नॉट एम्प्लॉइड' निवडलं की खाली खुलासा लिहायला जागा येते. तिथं दोन वाक्यं: अमुक तारखेला जुनी नोकरी सोडली, अमुक तारखेला नवीन ठिकाणी रुजू होणार. जुनी कंपनी 'मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या' या भागात जाईल. मग नवीन कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये वेळेत बदलून घ्या. हे विसरू नका, दारात गेल्यावर नंबर जुळला नाही तर परत पाठवतात.

मलप्रभाकाठ
मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. आमचं आणखी वेगळं. परदेशी जायचं तर खात्याची परवानगी आधी लागते, आणि तो कागद टेबलावरून टेबलावर फिरत दोन महिने खातो. तो हातात आल्याशिवाय मी तिकीट बघितलं नाही.

मी मुंबईला गेले होते. तिथं मराठीत मुलाखत देता येते, हे आपल्याकडं पुष्कळांना ठाऊक नसतं. कर्नाटकातला पत्ता म्हणून चेन्नईलाच जायला हवं असं काही नाही. मला विचारलं, कितवीला शिकवता? म्हटलं, पहिली ते पाचवी, एकाच खोलीत, एकूण एकवीस मुलं. मग विचारलं, तुम्ही गेलात तर त्यांना कोण शिकवणार? म्हटलं, कुणी नाही, म्हणूनच मेच्या सुट्टीत चाललेय आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचंय. झालं. फाइलमध्ये परवानगीपत्र, पगारपत्रक, घराचा उतारा सगळं होतं. काही बघितलं नाही.

मला वाटतं, आपण रोज काय करतो ते आपल्याच शब्दांत सांगता आलं पाहिजे. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. मी तर रोज ओळखते, पहिलीची पोरं तेच करतात.

हलगा_शिवार
वडगावच्या आईंच्या बाबतीत मला बोलायचंय, कारण माझ्या वडिलांचं नेमकं असंच झालं.

वडिलांचा पहिल्यांदा व्हिसा नाकारला. घरी येऊन फॉर्म बघितला तर एजंटनं व्यवसायात 'नॉट एम्प्लॉइड' टाकलेलं! का? तर पगाराची स्लिप नाही म्हणून. पहाटे चारला उठून उसाला पाणी पाजणारा माणूस, आणि कागदावर बेकार. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी मीच भरला. व्यवसाय 'ॲग्रिकल्चर'. कामाच्या वर्णनात लिहिलं, साडेचार एकर, ऊस आणि भात, दोन म्हशी. महिन्याचं उत्पन्न विचारतात तिथं कारखान्याची वर्षाची बिलं अधिक भात, त्यातून खर्च वजा, भागिले बारा. आरटीसी उतारा (आपला सातबारा) कन्नडमधून इंग्रजी करून घेतला, कारखान्याच्या पावत्या लावल्या. मुलाखतीत विचारलं, 'किती दिवस राहणार?' वडील म्हणाले, 'दोन महिनं. तोड लागायच्या आत आलं पाहिजे.' दुभाष्यानं तोड म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि व्हिसा मिळाला.

आईंचं कांड्या भरणं लिहा. ते काम आहे.

निपाणी_वेस
थोडं अवांतर, पण धाग्यावर युरोपला जाणारेही असतील. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, प्रकार वेगळा आहे. तिथं आपल्यासारख्यांची सहसा मुलाखत नसते, कागदच बोलतात. कंपनीचं ना-हरकत पत्र, रजा मंजुरी, तीन महिन्यांच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, आणि ३०,००० युरोचा प्रवास विमा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अमेरिकेत फाइल उघडत नाहीत म्हणून तिकडंही तसंच असेल असं धरून माझा एक मित्र रजेचं पत्र न लावता गेला आणि अडकला.

आणखी एक शंका. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेळगाम' आहे, कंपनीच्या लेटरहेडवर 'बेळगावी'. चालेल का?

दुसरं_रेल्वेगेट
निपाणी, चालतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं, त्याआधीच्या सगळ्या कागदांवर जुनंच आहे. पासपोर्टवर जसं आहे तसंच फॉर्ममध्ये लिहा. आमच्या दोघांच्या कागदांत तीन तऱ्हेची स्पेलिंगं होती, कुणी विचारलं नाही.

कुंदा_आणि_मांडे
वडगाव, आईंबरोबर लेकीसाठी कुंदा पाठवणार असाल तर आधी नियम बघा. खव्याचा पदार्थ, दुधाच्या वस्तूंवर तिकडं बंधनं आहेत. माझ्या बहिणीनं दोन किलो नेला होता, विमानतळावर काढून घेतला. बिचारी रडली. मांडे कोरडे, ते नीट पोचले. काही असो, खाण्याचं जे न्याल ते विचारल्यावर सांगा, लपवू नका.

परदेशी_बेळगावकर
डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ, खानापूरचे भाजलेले काजू. बाळंतिणीला हेच लागतं आणि आमच्याकडं तरी हे पोचलंय. पण सगळं सांगायचं हे शंभर टक्के.

बाळंतपणावरून आठवलं. आईंना 'कशासाठी जाताय?' विचारल्यावर पुष्कळ बायका 'बाळ सांभाळायला' म्हणतात. आपल्याकडं ते साधं बोलणं आहे, पण तिकडं 'मूल सांभाळणं' ही पगारी नोकरी असते आणि व्हिजिटर व्हिसावर नोकरी चालत नाही.

मलप्रभाकाठ
हे मला पटत नाही. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही शब्द शिकवायला लागलात की ती माउली खिडकीपाशी अडखळणार.

परदेशी_बेळगावकर
लपवा असं म्हणत नाही, ताई. 'लेकीला पहिलं बाळ होणार आहे, तिच्याजवळ राहायला चाललेय', हे खरंच आहे ना? तेवढंच म्हणतोय. पण पढवू नये हे तुमचं बरोबर. माझ्या सासूबाईंना मी इतकं पढवलं होतं की मुलीचं गाव विचारल्यावर त्यांनी माझा पगार सांगितला.

उद्यमबाग९
वडगाव, एक कामाचं. जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र घेतलंस का? नसेल तर उद्याच जा. नव्या कंपनीच्या एचआरला मेल करून रुजू व्हायची तारीख लिहून घे. आणि 'सीनियर इंजिनिअर प्रॉडक्शन' असलं काही सांगू नको. 'सिलिंडरच्या नळीला आतून होनिंग (घासून गुळगुळीत) करायच्या मशीनची सेटिंग करतो', असं सांग. खरं काम करणाऱ्याला काम सांगता येतं.

वडगावचा_माग
सगळ्यांचे आभार. काल बसून दोन्ही फॉर्म नव्यानं भरले. मला नॉट एम्प्लॉइड, खाली दोन वाक्यं. आईला 'अदर', आणि खुलाशात 'घरच्या मागावर कांड्या भरण्याचं काम, ३० वर्षं'. प्रोफाइलमध्ये नंबर बदलले. एजंटला सांगितलं तर तो रागावला, आता माझी जबाबदारी नाही म्हणाला. मावसभाऊ बोलायचा बंद झालाय. पण झोप लागली.

हलगा_शिवार
शाब्बास. मुलाखत झाली की इथं लिहा.

वडगावचा_माग
काल मुलाखत झाली. आईचा झाला. माझा नाही.

नीट सांगतो. दोघांना एकाच खिडकीवर बोलावलं. आधी आईला विचारलं, काय करता? आई म्हणाली, 'कांड्या भरते.' दुभाष्या बाईंना कळेना. मग आईनं हातातली पिशवी खाली ठेवली, डाव्या हातात कांडी धरल्यासारखं केलं, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून सूत सोडायची ती खूण केली. तिच्या त्या बोटाला सुतानं पडलेला घट्टा आहे, तो काचेपाशी नेऊन दाखवला. अधिकारी पुढं वाकून बघत होता. मग विचारलं, तुम्ही नसताना कोण भरेल? 'जाऊ भरेल, पण तिचा हात सैल आहे, सूत तुटतं. मला फार दिवस राहून चालायचं नाही.' हे मी शिकवलेलं नव्हतं. तिला खरंच तीच काळजी आहे.

मग माझ्याकडं वळला. सध्या काय करता? मी सगळं सांगितलं. सात वर्षं, होनिंग, राजीनामा, रुजू व्हायची तारीख. ऑफर लेटर पुढं केलं, त्यानं घेतलं नाही. लग्न झालंय का, आधी कुठल्या देशात गेलायत का. दोन्ही नाही. थोडा वेळ टाइप केलं. आईचा पासपोर्ट ठेवून घेतला, माझा परत दिला आणि त्याबरोबर २१४(बी) चा कागद. शांतपणे म्हणाला, परिस्थिती बदलली की परत अर्ज करा.

बाहेर आल्यावर आई रडली. मला म्हणाली, जुनंच सांगायचं होतंस का रे? मी म्हटलं, नाही. वाईट वाटतंय, लई वाटतंय. १८५ डॉलर म्हणजे माझ्या जुन्या पगाराचा मोठा तुकडा, तो परत मिळत नाही. पण फॉर्म बदलल्याचा पश्चात्ताप होत नाही, हे तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

कोरे_गल्ली
वाचून पोटात तुटलं. माझ्या पहिल्या सल्ल्यानं गेला असता तर कदाचित आज दोन्ही पासपोर्ट तिथं राहिले असते, किंवा कायमचा डाग लागला असता. तुम्ही केलं ते बरोबर केलं.

परदेशी_बेळगावकर
वडगाव, ही नकाराची नोंद पुढच्या फॉर्ममध्ये खरी लिहायची, एवढंच. अपील नसतं, पण परत अर्ज करायला बंदीही नसते. लगेच मात्र करू नका. काही बदललेलं नसताना पुन्हा गेलं की उत्तर तेच येतं. नव्या नोकरीत वर्षभर काढा, पुढच्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला या.

आईंच्या व्हिसावर दहा वर्षांची मुदत असेल, पण एका खेपेला किती राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. ती तारीख बहिणीला लिहून ठेवायला सांगा.

दुसरं_रेल्वेगेट
आई एकटी जाणार म्हणून घाबरू नकोस. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून घे. चालता येतं म्हणून लाजायचं नाही, विमान बदलताना तो माणूस दारापासून दारापर्यंत नेतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात लेकीचा पत्ता, फोन आणि 'मला फक्त मराठी आणि थोडं हिंदी येतं' हे इंग्रजीत. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. आमची ही पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा शेजारच्या सीटवर धारवाडच्या एक बाई भेटल्या, कन्नडमधून गप्पा मारत गेल्या दोघी.

मलप्रभाकाठ
आईंना कन्नड येतं ना? मग झालंच. सोबत मिळते हो.

वडगावचा_माग
येतं की, बाजारात सगळं कन्नडमधूनच चालतं तिचं.

तिकीट आजच काढलं, व्हीलचेअर मागितली. डिंकाचे लाडू करायला मावशी रविवारी येणार आहे, मावसभाऊही येतो म्हणालाय. आई संध्याकाळपासून काकूला शेजारी बसवून कांडी कशी घट्ट भरायची ते दाखवतेय. आतापर्यंत चारदा सूत तुटलं.